टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांचं तालिकीकरण (शालेय ग्रंथालय): नोंद कशी करायची, कुठे चुकतं

सूचीपत्र

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमाला शीर्षकपृष्ठ नसतं, प्रकाशक नसतो, आयएसबीएनही नसतो. म्हणून बऱ्याच शाळांत त्याची नोंद 'सीडी क्र. ४७, विज्ञान' एवढ्यावर आटोपते, आणि वर्षभरात ती सीडी कोणालाच सापडत नाही. हा धागा नीट नोंद करण्याच्या पद्धतीसाठी आहे. मार्क २१ (ग्रंथालयातल्या नोंदींचा संगणकीय साचा, त्यात प्रत्येक माहितीला ठरलेल्या क्रमांकाचा रकाना म्हणजे फील्ड असतं) वापरणाऱ्यांसाठी फील्ड क्रमांक देतो आहे. नुसती एक्सेल शीट असेल तर त्याच गोष्टींचे रकाने करा.

सगळ्यात आधी एक भेद डोक्यात पक्का हवा. एका रेकॉर्डिंगमध्ये तीन गोष्टी असतात: कार्यक्रम (तो कधीतरी, कोणीतरी बनवला), प्रसारण (तो अमुक वाहिनीवर अमुक दिवशी लागला) आणि प्रत (ती आपण बनवली). तिघांच्या तारखा वेगळ्या असतात. नोंदी बिघडतात त्या बहुतेक या तारखा एकमेकींच्या जागी पडल्यामुळे.

निर्मितीचं वर्ष शेवटच्या श्रेयनामावलीत, अगदी खालच्या ओळीत असतं आणि पुष्कळदा रोमन अंकांत असतं. ती ओळ पडद्यावर सेकंद-दोन सेकंदच टिकते, त्यामुळे पॉज करूनच वाचावी लागते. 'एम-सी-एम-एक्स-सी-व्ही-आय-आय-आय' म्हणजे १९९८. कार्यक्रम २०२४ मध्ये लागला म्हणून २०२४ चा ठरत नाही. अंतराळ किंवा संगणक या विषयावर २६ वर्षं जुना कार्यक्रम 'नवीन' समजून वर्गात लावला की काय होतं ते सांगायला नको.

आता एक पूर्ण नोंद. समजा, 'खडकांची भाषा' नावाच्या मालिकेतला 'ज्वालामुखी' हा तिसरा भाग, मध्ये जाहिराती नाहीत:

लीडर ०६: जी (प्रक्षेपित माध्यम)
००८/१८-२०: ०२९ (मिनिटं, तीन अंकी)
००८/३३: व्ही (व्हिडिओ)
२४५ (शीर्षक): ज्वालामुखी
२६४, दुसरा निर्देशक ०: २०२४ (प्रत तयार झाल्याचं वर्ष, प्रकाशक नाही)
३००: १ व्हिडिओ फाइल (२९ मिनिटे) : ध्वनीसहित, रंगीत
३०६ (कालावधी, तास-मिनिटं-सेकंद): ००२९१४
४९० / ८३० (मालिका): खडकांची भाषा, भाग ३
५००: पडद्यावरील स्वामित्वहक्क वर्ष १९९८
५१८: क वाहिनीवरून रेकॉर्ड केले, ११ मार्च २०२४, सकाळी १०.३०
५२०: सारांश
५२१: इयत्ता ७ ते ९
५४०: वापराच्या अटी
५४६: भाषा, उपशीर्षकं
५८३: पुनरावलोकनाची किंवा काढून टाकण्याची तारीख
६५०: विषयशीर्षकं
८५६: फाइलचा दुवा

यातलं ५१८ कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. हे फील्ड मुळात घटनेच्या, ध्वनिमुद्रणाच्या, प्रसारणाच्या तारीख-वेळ-ठिकाणासाठीच आहे. वाहिनी, तारीख आणि वेळ तिन्ही द्या. एकाच दिवशी सकाळी पूर्ण आणि रात्री कापलेली आवृत्ती लागू शकते.

नवी_ग्रंथपाल

छान धागा. शीर्षक कुठून घ्यायचं? सेट टॉप बॉक्स रेकॉर्डिंगला आपोआप नाव देतो, तेच ठेवलं तर चालतं का?

सूचीपत्र

नाही. ते नाव इलेक्ट्रॉनिक कार्यक्रमपत्रिकेतून येतं. कधी अर्धवट तुटलेलं असतं, कधी नुसतं मालिकेचं असतं, आणि ऐनवेळी कार्यक्रम बदलला तर चक्क भलत्याच कार्यक्रमाचं असतं. पडद्यावर येणारी शीर्षकाची चौकट हाच मुख्य स्रोत. कार्यक्रमपत्रिकेतलं नाव वेगळं असेल तर ते २४६ मध्ये पर्यायी शीर्षक म्हणून द्या. शिक्षक त्या नावानेही शोधतात.

शीर्षक सुरुवातीलाच येईल असं नाही. आधी दीड-दोन मिनिटांची प्रस्तावना आणि मग शीर्षक, असंही असतं. शेवटही बघा. भागाचं नाव काही मालिकांत फक्त शेवटी येतं.

तक्ता_आठवा

सूचीपत्र यांच्या नोंदीशी एका ठिकाणी असहमत. मी २४५ मध्ये मालिकेचं नाव आधी घेईन, मग सबफील्ड (फील्डमधला उपविभाग) एन मध्ये 'भाग ३' आणि सबफील्ड पी मध्ये 'ज्वालामुखी'. टीव्ही मालिकांच्या बाबतीत ही पद्धत रुळलेली आहे, आणि यादी लावली की मालिकेचे सगळे भाग एकाखाली एक येतात. तुमच्या पद्धतीने 'ज्वालामुखी' ज मध्ये आणि 'गाळाचे खडक' ग मध्ये जाणार.

सूचीपत्र

मालिकेचं नाव ८३० मध्ये नियंत्रित (सगळीकडे एकाच ठरलेल्या) रूपात असलं की सॉफ्टवेअर तिथून सगळे भाग गोळा करतं, म्हणून मला काळजी वाटत नाही. पण छापील यादीवर काम चालत असेल तर तुमची पद्धत बरी. माझा निकष असा: भागाला स्वतःचं अर्थपूर्ण नाव असेल आणि तो सुटा दाखवता येत असेल तर भागाचं नाव आधी. नुसतं 'भाग ३' असेल तर मालिकेचं नाव आधी, दुसरा मार्गच नाही. काहीही निवडा, फक्त अर्ध्या नोंदी एका पद्धतीने आणि अर्ध्या दुसऱ्या पद्धतीने नकोत.

फितीवाला

तालिकेच्या आधीचं काम नीट झालं नाही तर नोंद खोटी पडते, म्हणून त्याबद्दल.

१. रेकॉर्डिंग २ मिनिटं आधी सुरू आणि ५ मिनिटं नंतर बंद होईल असं लावा. वाहिन्या वेळेवर चालत नाहीत. आधी लावलं नाही तर शीर्षकाची चौकट जाते, नंतरची मिनिटं ठेवली नाहीत तर श्रेयनामावली आणि स्वामित्वहक्काची ओळ जाते. म्हणजे नोंदीचे दोन्ही मुख्य स्रोत गेले.

२. कालावधी फाइलचा देऊ नका, कार्यक्रमाचा द्या. वरच्याच उदाहरणात फाइल ३७ मिनिटांची असेल. कार्यक्रम १ मिनिट ४८ सेकंदांवर सुरू होऊन ३१ मिनिटं २ सेकंदांवर संपला, तर कालावधी २९ मिनिटं १४ सेकंद. ३०६ मध्ये तोच ००२९१४ असा सहा अंकी जातो. तासिका ३५ मिनिटांची असेल तर शिक्षकाला हाच आकडा लागतो. मध्ये जाहिराती असतील तर त्या वजा करूनच.

३. आधी कापा, मग वेळा लिहा. ही चूक सर्रास होते. न कापलेल्या फाइलवरून '१२.३० ला लाव्हाचे प्रकार' असं टिपलं आणि नंतर सुरुवातीचे १ मिनिट ४८ सेकंद कापले, की प्रत्येक वेळ तेवढ्याने पुढे सरकलेली राहते. लाव्हा खरा १०.४२ ला आहे आणि शिक्षक १२.३० ला जाऊन बसतात.

४. जुन्या व्हीएचएस फितींवर यंत्राच्या काउंटरचा आकडा नोंदीत लिहू नका. तो आकडा वेळ दाखवत नाही. तो यंत्रागणिक बदलतो आणि फीत पूर्ण गुंडाळलेली नसेल तर तर काहीच अर्थ राहत नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून किती मिनिटं, एवढंच लिहा. आणि हो, फितीच्या कडेची प्लास्टिकची टॅब तोडून ठेवा, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

आवाजबंद

फितीवाला यांच्या यादीत एक भर, माझ्या आवडीचा विषय: आवाजाचे ट्रॅक.

डिजिटल प्रसारणाची मूळ फाइल टीएस प्रकारची असते. तिच्यात दोन-तीन भाषांचे ऑडिओ ट्रॅक आणि उपशीर्षकं एकत्र असू शकतात. ती एमपी४ मध्ये बदलताना एफएफएमपेगसारखं साधन, वेगळं काही सांगितलं नाही तर, एकच ऑडिओ ट्रॅक उचलतं. तो कोणता असेल याचा भरवसा नाही. नोंद मात्र मूळ फाइल बघून केलेली असते, तिच्यात ५४६ ला 'मराठी व इंग्रजी' असं डौलात लिहिलेलं असतं.

उपशीर्षकांचा घोळ याहून वाईट. डीव्हीबी (डिजिटल प्रसारणासोबत येणारी) उपशीर्षकं ही अक्षरं नसून चित्रं असतात, आणि एमपी४ मध्ये ती तशी ठेवता येत नाहीत. एमकेव्ही या दुसऱ्या फाइलप्रकारात राहतात. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपशीर्षकं हवी असतील तर एमकेव्ही ठेवा, नाहीतर चित्रावर कायमची छापून घ्या.

नोंद करणाऱ्याने अंतिम फाइल उघडून, ट्रॅक बदलून बघून, मगच ५४६ भरायचं.

नवी_ग्रंथपाल

सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड केलेली फाइल संगणकावर उघडतच नाही. फाइल खराब झाली का?

फितीवाला

खराब नसावी. बऱ्याच बॉक्सची रेकॉर्डिंग कूटबद्ध असतात आणि त्याच बॉक्सवर चालतात. बॉक्स बदलला की ती गेली. अशा फाइलला दाखल क्रमांक देऊ नका, कारण तुमच्याकडे टिकाऊ प्रत नाही. तात्पुरतं वापरायचंच असेल तर नोंदीत ५३८ मध्ये 'फक्त अमुक बॉक्सवर चालते' असं लिहा.

आकाराचा अंदाज हवा असेल तर: ४ मेगाबिट प्रति सेकंद वेगाच्या प्रसारणाचा अर्धा तास म्हणजे साधारण ९०० एमबी, ८ मेगाबिटचा १.८ जीबी. ४.७ जीबीच्या डीव्हीडीवर पहिल्या प्रकारचे पाच कार्यक्रम बसतात.

कपाटकिल्ली

पाच कार्यक्रम बसतात, आणि तिथूनच रडगाणं सुरू होतं. एका डिस्कवर पाच कार्यक्रम, नोंद एक की पाच?

तक्ता_आठवा

पाच. शिक्षक डिस्क शोधत नाहीत, 'जलचक्र' शोधतात.

एकच नोंद करून ५०५ मध्ये पाच नावं टाकता येतात, पण मग विषय, इयत्ता, कालावधी आणि मुदत पाचही कार्यक्रमांची एकाच नोंदीत कोंबावी लागते. कोणत्या कार्यक्रमाची मुदत कधी संपते ते कळत नाही. म्हणून पाच स्वतंत्र नोंदी आणि प्रत्येकीत ५०१: 'याच डिस्कवर: ...'.

देवघेवीत मात्र अडतं. बारकोड एक, नोंदी पाच. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत एकाच नोंदीला जोडलेली असते. त्यात विश्लेषणात्मक नोंदींची (एका प्रतीतल्या भागांच्या स्वतंत्र नोंदींची) सोय चालू करून ७७३ मार्फत बाकीच्या नोंदी त्या प्रतीशी जोडता येतात. ती सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ 'एक कार्यक्रम, एक फाइल' किंवा 'एक कार्यक्रम, एक डिस्क' करा. डिस्क अर्धी रिकामी राहिली तर राहू द्या.

कपाटकिल्ली

पटलं. डिस्कबद्दल दोन गोष्टी माझ्याकडून. रेकॉर्ड (बर्न) केल्यानंतर 'फायनलाइज' केली नाही तर ती ज्या रेकॉर्डरवर बनली त्यावरच चालते, वर्गातल्या प्लेअरवर नाही. आणि डिस्कवर चिकटपट्टीचं लेबल लावू नका. फिरताना तोल जातो, गोंद सुटतो. मधल्या पारदर्शक भागावर मऊ टोकाच्या मार्करने दाखल क्रमांक पुरे. बाकी सगळं डबीवर.

सूचीपत्र

वर्गांकाबद्दल अजून कोणी बोललं नाही. ड्यूई दशांश वर्गीकरणात ७९१.४५ हा दूरचित्रवाणीचा क्रमांक आहे, आणि हौशी तालिकाकार सगळी रेकॉर्डिंग तिथे नेऊन टाकतात. ज्वालामुखीवरच्या माहितीपटाचा विषय ज्वालामुखी. तो ५५१.२१ ला, त्या विषयाच्या पुस्तकांशेजारी. ७९१.४५ टीव्ही या माध्यमाबद्दलच्या साहित्याला, आणि मालिका मालिका म्हणूनच अभ्यासायची असेल तेव्हा. 'व्हिडिओ' ही ओळख कॉल नंबरच्या आधी एखादं अक्षर लावून आणि ३३६, ३३७, ३३८ या फील्डांतून द्या: द्विमितीय चल चित्र, व्हिडिओ, व्हिडिओडिस्क. सर्व्हरवरच्या फाइलला माध्यम 'संगणक' आणि वाहक 'ऑनलाइन साधन'.

आरडीए या नव्या तालिकीकरण नियमांच्या आधीच्या नोंदींत २४५ च्या सबफील्ड एचमध्ये चौकटी कंसात माध्यमाचं नाव असायचं. काही जुनी सॉफ्टवेअर्स 'फक्त व्हिडिओ दाखवा' हा गाळक अजून त्यावरच चालवतात. नवी नोंद नियमाप्रमाणे केली आणि गाळकात दिसलीच नाही, तर कारण हे असू शकतं.

नवी_ग्रंथपाल

सारांश म्हणून कार्यक्रमपत्रिकेतला मजकूर चिकटवला तर?

सूचीपत्र

'या आठवड्यात आपण भेटणार आहोत एका थरारक डोंगराला!' असा सारांश कोणाच्या कामाचा? दोन-तीन वाक्यं स्वतः लिहा आणि त्यात पाठ्यपुस्तकातले शब्द येऊ द्या. या कार्यक्रमाला मी असं लिहीन:

'ज्वालामुखी कसा तयार होतो, शिलारस वर का येतो आणि उद्रेकाचे प्रकार. १०.४२ पासून पातळ व घट्ट लाव्हाची तुलना (४ मिनिटे), १९.०५ पासून राखेमुळे होणारे परिणाम. काही दृश्यांत जखमी माणसे दिसतात.'

शेवटचं वाक्य लहान वर्गांसाठी महत्त्वाचं. ते कळायला कार्यक्रम पूर्ण बघावाच लागतो. पळवत बघून चालत नाही.

मुदतवाढ

कायद्याची बाजू राहिली. रेकॉर्डिंग ठेवता येतं का, किती दिवस आणि कोणाला दाखवता येतं, हे देशागणिक बदलतं, आणि नोंदीत काय असावं हेही त्यावर ठरतं. दोन उदाहरणं.

अमेरिकेत १९८१ च्या शैक्षणिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार असं रेकॉर्डिंग जास्तीत जास्त ४५ दिवस ठेवायचं. वर्गात दाखवायचं ते पहिल्या १० शालेय दिवसांत. रेकॉर्डिंग शिक्षकाने मागितल्यावरच करायचं, 'लागेल कधीतरी' म्हणून साठवायचं नाही. प्रसारणातली स्वामित्वहक्काची सूचना प्रतीत राहिली पाहिजे, म्हणजे श्रेयनामावली कापता येत नाही.

ब्रिटनमध्ये शैक्षणिक परवान्याखाली रेकॉर्डिंग दीर्घकाळ ठेवता येतं, पण प्रतीवर वाहिनीचं नाव, प्रसारणाची तारीख आणि कार्यक्रमाचं शीर्षक लिहावं लागतं.

दोन्हीकडे सगळं प्रसारणाच्या तारखेवर येतं. ती ५१८ मध्ये नसेल तर मुदत मोजणार कुठून? म्हणून ५४० मध्ये अट वाक्यात लिहा आणि ५८३ मध्ये कृती व तारीख द्या: 'काढून टाकणे, २५ एप्रिल २०२४'. ११ मार्चला लागलेल्या कार्यक्रमाचा ४५ वा दिवस हाच. दर सोमवारी ५८३ वर अहवाल काढला की त्या आठवड्यात काय जाणार ते समोर येतं.

काढताना क्रम पाळा: आधी प्रत 'रद्द' करा, मग फाइल पुसा, मग बॅकअपमधली फाइल पुसा, शेवटी नोंद लपवा किंवा काढा. उलट केलं तर फाइल सर्व्हरवर बेवारस पडून राहते आणि ती कशाची होती हे सांगणारं काहीच उरत नाही. बॅकअपमधली प्रतही प्रतच असते, हे विसरलं जातं.

तक्ता_आठवा

पुनःप्रसारण रेकॉर्ड केलं तर? नवी नोंद?

मुदतवाढ

कार्यक्रम तोच असेल तर तीच नोंद, नवी प्रत, आणि ५१८ आणखी एकदा. मुदत नव्या प्रतीची वेगळी, म्हणून ५८३ सुद्धा दुसऱ्यांदा, कोणत्या प्रतीसाठी ते लिहून.

पण 'तोच' आहे का ते कालावधीवरून ताडून बघा. २९ मिनिटांचा कार्यक्रम पुन्हा लागताना २४ मिनिटांचा झाला असेल तर मधलं काहीतरी कापलंय, आणि तुमच्या सारांशातला १९.०५ चा प्रसंग हललेला किंवा गायब असणार. तेव्हा मात्र वेगळी नोंद.

आवाजबंद

+१. आणि कापलेल्या आवृत्तीत पुष्कळदा निवेदकही वेगळा असतो. ५११ (निवेदक, कलाकार) बघा.

नवी_ग्रंथपाल

सध्या आमच्याकडे मार्कचं सॉफ्टवेअर नाही, एक्सेलमध्येच करणार आहे. काही धोका?

कपाटकिल्ली

तीन धोके, तिन्ही एकाच जातीचे. ००२९१४ टाकलं की पुढची शून्यं उडून २९१४ राहतं. '३-११' लिहिलं की त्याची परस्पर तारीख होते. आणि ११/०३ हे एका संगणकावर ११ मार्च तर दुसऱ्यावर ३ नोव्हेंबर. टाइप करायला सुरुवात करण्याआधीच सगळे रकाने 'टेक्स्ट' करा, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा: २०२४-०३-११. फाइलचं नावही याच तारखेने सुरू करा, पुढे वाहिनी, पुढे दाखल क्रमांक. नावात शीर्षक नको, ते बदलतं.

नवी_ग्रंथपाल

आणि दुव्याच्या रकान्यात फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा ना, ड्राइव्हच्या अक्षरासकट?

कपाटकिल्ली

ड्राइव्हचं अक्षर अजिबात नको. सर्व्हर बदलला किंवा दुसरी डिस्क लावली की एका दिवसात सगळे दुवे मेले. रकान्यात फक्त फाइलचं नाव ठेवा, आणि पत्त्याचा सुरुवातीचा भाग एकाच ठिकाणी, वेगळ्या चौकटीत लिहून सूत्राने जोडा. सर्व्हर हलला तर ती एक चौकट बदलायची. ८५६ वापरणाऱ्यांनीही असंच करावं, आणि दुवा शाळेच्या लॉगिनच्या आतच उघडतो ना, ते बाहेरच्या फोनवरून एकदा तपासून घ्यावं.